लेखकांसाठीचं 'ब्रँडिंग पॅकेज': १४,५०० रुपये, ११ आठवडे आणि एक चुकलेला 'ऱ्या'

आधीच सांगते, एजन्सीचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका, इनबॉक्समध्येही विचारू नका. पुण्यातली आहे एवढं पुरे. नाव न लिहिण्याचं कारण असं की त्यातली दोनतीन पोरं खरंच कामाची होती आणि माझ्या एका पोस्टमुळे त्यांच्या पोटावर पाय नको. पण अनुभव मात्र सगळा लिहिणार, कारण पहिलं पुस्तक आलेल्या निदान चार जणींनी मला गेल्या दोन महिन्यांत विचारलंय की "ताई, ते सोशल मीडियाचं तुम्ही कुणाकडून करून घेतलं?"

तर झालं असं. माझा पहिला कथासंग्रह आला, पहिली आवृत्ती ५०० प्रती. पुस्तकाच्या नावात 'दुसऱ्या' आणि 'पाळी' असे दोन शब्द आहेत, पूर्ण नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर म्हणाल रिव्ह्यूच्या नावाखाली जाहिरात चालू केली. मी इचलकरंजीची, घरी चार माग होते, खर्चीवर चालायचे (म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायचं), त्यामुळे कथा सगळ्या मागावरच्या माणसांच्या आहेत, कांडीवाल्या बायका, जॉबर, वहिफणीवाले, रातपाळी करून सकाळी घरी येऊन झोपेचं खोबरं होणारी माणसं. नोकरी बँकेत. म्हणजे सोशल मीडिया म्हणजे माझ्या लेखी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग आणि फेसबुकवर वाढदिवस. प्रकाशक म्हणाले, "आता लेखकानं दिसायला पाहिजे हो." दिसायला पाहिजे म्हणजे काय, तर म्हणे फीड पाहिजे, एकसारखा लूक पाहिजे, लांबून पोस्ट बघितली की कळलं पाहिजे ही अमकीची. पटलं मला ते. खोटं कशाला बोलू. मग कुणाच्यातरी ओळखीतून ही एजन्सी मिळाली आणि मी बोनसमधले १४,५०० रुपये त्यांच्या हातावर ठेवले.

त्यात काय काय मिळणार होतं तर: ४५ मिनिटांचा 'डिस्कव्हरी कॉल', रंगसंगती, नावाचा लोगो, इन्स्टाग्रामच्या १५ पोस्टचे टेम्प्लेट, स्टोरीचे ५, फेसबुकचं कव्हर, आणि अर्ध्या दिवसाचं फोटोशूट. सहा आठवड्यांत सगळं देतो म्हणाले, लागले अकरा. त्याचं काही नाही, आमच्याकडे सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायला, बीम पाठवला की तो परत कधी येईल ते देवालाही माहीत नसतं, आम्हाला सवय आहे.

कॉल चांगला झाला हो. पोरगी गोड बोलणारी, "मॅम, तुमची व्हाइब काय आहे?" असं विचारलं. मी म्हटलं, व्हाइब म्हणजे? तर म्हणे वाचकाला तुमचं नाव घेतल्यावर काय फील व्हायला हवं. मी जरा विचार करून सांगितलं की दुपारी चारला पाळी बदलते तेव्हा गल्लीत एक मिनिट सगळे माग बंद असतात आणि त्या एका मिनिटात कानाला जे होतं, ते. ती म्हणाली, "ओके, सो कामनेस." कामनेस म्हणजे शांतता, हे मला फोन ठेवल्यावर कळलं, मी आपली काम, मजुरी असं धरून खूश होते.

आठ दिवसांनी मूडबोर्ड आला. मूडबोर्ड म्हणजे एका पानावर चिकटवलेली दहाबारा चित्रं, की बघा तुमचं सगळं असं दिसणार. उघडला तर सगळं गुलाबी. फिकट गुलाबी, गर्द गुलाबी, लाल पाकळ्या पाण्यात तरंगतायत, एक बाई पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून खिडकीत बसलीय. मला दोन मिनिटं काही कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. 'पाळी'! त्यांनी ती पाळी धरली होती. मी फोन लावला, म्हटलं अगं बाळ, पाळी म्हणजे शिफ्ट, पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. पलीकडे एकदम शांत. मग म्हणाली, "ओह. सॉरी मॅम. पण तसंही इट वर्क्स ना, वुमन ऑथर आहात." नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला, आणि आता आमच्याकडे गरम पाण्याच्या पिशवीला कामनेस म्हणतात.

पण हसून झाल्यावर मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी त्यांना पुस्तकाची प्रत कुरिअरनं पाठवली होती. पहिल्या कथेचं पहिलं पान जरी कुणी उघडलं असतं तरी मागाचा आवाज आहे तिथे. पॅकेजमध्ये सगळं होतं, लोगो, पॅलेट, ग्रिड, फक्त पुस्तक वाचणं नव्हतं. हा माझा मुख्य मुद्दा, बाकी खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच्याच पोटातलं.

दुसरा मूडबोर्ड आला तो क्रीम रंगाचा. आता हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, कुठल्याही मराठी लेखकाच्या पेजवर जा. वाळलेलं गवत फुलदाणीत, कॉफीचा मग, त्यातून वाफ, चष्मा उलटा ठेवलेला, आणि टाइपरायटर. इंग्रजी कळांचा टाइपरायटर! मराठी लेखिकेच्या पेजवर! मी आयुष्यात टाइपरायटरला हात लावलेला नाही, पहिल्या सगळ्या कथा बँकेच्या जुन्या व्हाउचरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिल्यात. आणि टाइपरायटर नको म्हटलं की ह्यांच्याकडे दुसरा पर्याय तयारच असतो, मोरपीस. मोरपीस आणि दौत. आजच्या काळात मोरपिसानं कोण लिहितंय मला दाखवा, मी त्याला माझ्या पुस्तकाच्या पाच प्रती फुकट देते.

क्रीमवर फिकट तपकिरी अक्षरं, तीही बारीक. मी ते पहिलं टेम्प्लेट स्टेटसला ठेवलं आणि संध्याकाळी आत्याचा फोन, "काय ठेवलंयस ते, कोरा कागद दिसतोय." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण खरं सांगायचं तर मलाही उन्हात फोन धरला की काही दिसत नव्हतं. ह्यासाठी वेबवाल्यांचा एक साधा नियम आहे, नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि मागचा रंग ह्यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (म्हणजे उजळ-गडदपणातला फरक) पाहिजे, आणि तो मोजायचे चेकर नेटवर फुकट मिळतात, दोन रंगांचे कोड टाकायचे की आकडा येतो. आमचा आला दोनच्याही खाली. हे मी त्यांना सांगितलं तर "मॅम, हे ॲस्थेटिक आहे." असेल बाई. माझे निम्मे वाचक पन्नाशीच्या पुढचे आहेत, ते फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर असतात, त्यांना ॲस्थेटिक नको, वाचता आलं पाहिजे.

आता अक्षरांचं. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली फोटोशूटवर जा.

फायनल टेम्प्लेट आले, पंधराच्या पंधरा, त्यावर पुस्तकाचं नाव. मी बघितले, घरच्यांनी बघितले, प्रकाशकांना पाठवले, सगळ्यांनी छान छान म्हटलं. कार्यक्रमासाठी मला एक तीन बाय चारचा फ्लेक्स पाहिजे होता, म्हणून त्यातलंच एक डिझाइन घेऊन मी आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. हा माणूस दिवसभर भाऊ, दादा, आप्पांचे वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, कोपऱ्यात पन्नास शुभेच्छुकांचे गोल फोटो, तसले. त्यानं पेनड्राइव्ह लावला, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे असंच छापायचं? दुसऱ्यातला ऱ्या चुकलाय की ओ."

बघते तर काय. 'दुसर्या'. रफार दिलेला, डोक्यावर. 'दुसऱ्या' नाहीच. मी लेखिका, मी बघितलं नव्हतं! मी पुस्तकाची चार प्रुफं वाचलेली बाई, आणि ते रंग, पानं, फुलं बघता बघता माझ्या स्वतःच्या पुस्तकाच्या नावावरून माझी नजर घसरून गेली होती. लाज वाटली. तो म्हणाला, "हे लई जणांचं असतं, इंग्लिश कीबोर्डवरनं टाइप करत्यात ना." आणि तेच होतं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा कीबोर्ड असला की त्यातून बऱ्याचदा रफारच येतो. बरोबर पाहिजे असेल तर खालचं टिंब असलेला 'ऱ' घ्यायचा (माझ्या फोनवर र दाबून धरला की तो मिळतो), मग हलन्त, मग य, की चंद्रकोरीसारखा अर्धा र येतो. कुणी म्हणेल एवढ्याशा र चं काय घेऊन बसलात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल आणि आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण, एवढाच फरक आहे.

एजन्सीला कळवलं. त्यांनी दुरुस्त केलं म्हणून पाठवलं, तर पंधरापैकी नऊच दुरुस्त, आणि त्या नऊमध्ये एकात 'पाळी'ची वेलांटी ळ च्या जागी प ला. कारण काय, तर डिझाइनर ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत होता त्यात देवनागरीसाठीचं सेटिंगच चालू नव्हतं, म्हणून तो तुटलेले तुकडे हातानं उचलून जोडत बसला होता. अरे बाबांनो, फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय असतो, तो एकदा चालू केला की जोडाक्षरं आपोआप जुळतात. हे मला कुणी सांगितलं, तर त्याच फ्लेक्सवाल्यानं. त्याला मी त्या दिवशी चहा पाजला आणि पुस्तक दिलं. त्यानं ते वाचलंही, आणि सांगितलं की तिसऱ्या कथेत धोटा (मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो) उडाल्याचा प्रसंग आहे तो खोटा वाटतो, धोटा असा उडत नाही. बरोबर आहे त्याचं.

मग मी स्वतःच बसले फॉन्ट बघायला, चार रविवार गेले. आपल्याकडे म्हणतात मराठीत चांगले फॉन्टच नाहीत, हे आता अजिबात खरं नाही. गूगल फॉन्ट्सवर जाऊन भाषेचा फिल्टर लावा, देवनागरी, ढीग पडेल, आणि सगळे फुकट, पुस्तकाला वापरा, फ्लेक्सला वापरा, कुणी विचारणार नाही, त्यांचं लायसन्सच तसं खुलं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा 'मुक्त' मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, सात जाडीत मिळतो, अगदी बारीकपासून अगदी ठसठशीत, कार्यक्रमाची तारीख, वेळ, पत्ता अशा माहितीसाठी एक नंबर. त्यांचाच 'बलू' गोलमटोल आहे, लहान मुलांच्या पुस्तकाला छान, माझ्या कथांना लावला तर फुगे विकायला बसल्यासारखं दिसतं. 'मोदक' तर एवढा जाड की अक्षराच्या आतली भोकं मुंगी जाईल एवढीच राहतात, पण एकच शब्द लिहायचा असेल तर काय दिसतो! 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून बनवलाय, मला तो फार आवडला, पण इचलकरंजीला रेल्वेच नाही, आम्ही उतरतो हातकणंगल्याला आणि पुढे वडाप (शेअरची जीप), मग तो मोह आवरला.

शेवटी नावासाठी आणि कथेतल्या ओळींसाठी घेतला 'टिरो देवनागरी मराठी'. ह्याची गंमत अशी की हे तिघे भाऊ आहेत, हिंदी, संस्कृत आणि मराठी, आणि मराठीवाल्यात ल आणि श आपले आहेत. म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. शाळेत आपण गिरवला तो. हिंदी वळणाचा ल वेगळा, त्याला उभा दांडा असतो, आणि बाजारातले बरेचसे फॉन्ट तोच दाखवतात. शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही ल आणि श आपल्या वळणाचेच धरलेत, पण फोनवर कोण बघतंय. मी बघते आता. माझ्या गावाच्या नावातच ल आहे, 'इचलकरंजी', आणि तो हिंदी वळणाचा दिसला की मला कुणीतरी माझं गाव परराज्यात नेऊन ठेवल्यासारखं वाटतं. हे वेड आहे, मान्य. पण लेखकाचा 'लूक' म्हणजे रंगाच्या आधी हे, असं माझं मत झालंय. कमल शेडगे (२०२० साली गेले) ह्यांनी नाटकांच्या जाहिरातींची जी अक्षरं काढली ती आठवा, पेपरात ना फोटो ना रंग, नुसत्या नावावरून कळायचं की नाटक हसायचं आहे की घाबरायचं. किंवा दीनानाथ दलालांचं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, कोपऱ्यातली सही बघायला लागायचीच नाही. ह्यांना कुणी डिस्कव्हरी कॉल केला होता काय?

(कॅनव्हा ह्या डिझाइनच्या ॲपमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासून आहेत पण तुमचा स्वतःचा फॉन्ट चढवायचा तर पैसे भरून घ्यायचं व्हर्जन लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. मी महिन्याचं घेते, काम काढून घेते, बंद करते.)

फोटोशूट. हे मात्र पैसे वसूल, आणि तेही चुकून. ठरलेलं शूट असं की एका कॅफेत पुस्तकांची भिंत, त्यापुढे मी पांढरी कॉटनची साडी नेसून, हनुवटीखाली पेन. पुस्तकं सगळी इंग्रजी, त्यातली अर्धी नुसती पाठ छापलेले डबे, उघडून बघितलं मी. दोन तास "मॅम, थोडं दूर बघा, विचार करताय असं." विचार करताना मी दूर बघत नाही, मी नखं खाते. ते सगळे फोटो बँकेच्या जाहिरातीत 'आमच्या समाधानी ग्राहक' म्हणून खपतील असे आलेत. पण फोटोग्राफर पोरगा सांगलीकडचा निघाला. ब्रेकमध्ये मी डब्यातनं भडंग काढलं, त्याला म्हटलं खा, तो म्हणाला "ताई, कुठलं ओ, जयसिंगपूरचं काय?" आणि बोलता बोलता त्यानं कॅमेरा उचलून दोन फोटो काढले, मी मूठ तोंडाशी नेताना हसतेय, समोरचा दात जरा पुढे आहे तोही दिसतोय. तोच फोटो मी सगळीकडे लावलाय, फेसबुक, इन्स्टा, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर मागच्या पानावरही तोच. सगळीकडे एकच फोटो, हे मात्र त्या एजन्सीनंच शिकवलं आणि ते बरोबर आहे, दर महिन्याला फोटो बदलला की माणसाला ओळख पटत नाही.

फक्त तो फोटो मिळवायला मारामारी झाली. तो 'सिलेक्ट'मध्ये, म्हणजे पॅकेजमध्ये मिळणाऱ्या निवडक फोटोंत नाही, वरचे फोटो पाहिजे असतील तर प्रत्येकी ४०० रुपये. मी बँकेतली असल्यामुळे कागद वाचायची सवय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, त्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी मुळात काढून घेणाऱ्याची, वेगळा करार नसेल तर. मी हे ठसक्यात सांगायला गेले आणि मग कळलं की वेगळा करार आहे, मीच सही केलेला, पान तीन, बारीक अक्षरात. भरले ४०० गपचूप. म्हणून सांगते, सही करायच्या आधी एवढं विचारा: सगळे फोटो मिळणार का, आणि टेम्प्लेटची एडिट करता येईल अशी फाइल माझ्या नावावर येणार का. माझी आली नाही. लिंक त्यांच्याच अकाउंटवर, एका वर्षासाठी. लोगोचं तर अजून वाकडं, फोटोचा तो नियम लोगोला तसाच्या तसा लागू होत नाही, तिथे तुमच्या नावावर लिहून घेतलं नाही तर तो काढणाऱ्याचाच राहू शकतो. माझं मी सोडून दिलं. तसाही तो लोगो म्हणजे माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराभोवती एक गोल आणि गोलाला एक पान. पान कशाचं, विचारलं मी. "ग्रोथ, मॅम."

एक टेक्निकल गोष्ट, ज्यांना इन्स्टा चालवायचंय त्यांच्यासाठी. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामनं प्रोफाइलवरचे ते चौकोनी डबे उभे केले, तीनास चार. मला टेम्प्लेट मिळाले त्यानंतर कित्येक महिन्यांनी, आणि मिळाले ते जुन्या मापाचे, १०८० बाय १०८०. आता चौकोनी पोस्ट उभ्या डब्यात बसवायची तर दोन्ही बाजूनं कापली जाते, १०८० मधले ८१० च दिसतात, म्हणजे डावीकडचे १३५ आणि उजवीकडचे १३५ गेले. माझ्या पुस्तकाचं नाव कडेपासून कडेपर्यंत मोठ्ठं लिहिलेलं, त्यामुळे माझ्या प्रोफाइलवर ओळीनं नऊ वेळा 'सऱ्या', 'सऱ्या', 'सऱ्या'. दु गायब. आमच्या ब्रँचमधला शिपाई म्हणाला मॅडम ह्यो सऱ्या कोण? तर १०८० बाय १३५० नं करा, आणि अक्षरं कडेपासून चांगली आत ठेवा, शंभरएक सोडून, म्हणजे डोकं शांत. आणि चित्रावर जे लिहिलंय ते खाली कॅप्शनमध्येही टाइप करा, कारण चित्रातली अक्षरं शोधली तर सापडत नाहीत आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ती नीट वाचून दाखवेलच असंही नाही.

रंगाचं सांगायचं राहिलं. शेवटी मी आईच्या ट्रंकेतनं आबांचं एक जुनं धोतर काढलं, आमच्याच मागावरचं. काठाला तांबडी रेघ, मग बारीक काळी, मग परत तांबडी. धोट्याच्या मागावरच्या कापडाचा काठ बंद असतो बघा, सूत कडेला गेलं की वळून परत आत येतं, आता नवीन बिनधोट्याच्या मागांवर ते कडेला कापलं जातं आणि बारीक दशा राहतात. मी तो काठ झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून घेतला, वीस रुपये, त्यानं आधी विचारलं आधार कार्ड कुठाय. ती पट्टी प्रत्येक पोस्टच्या डाव्या कडेला उभी, बाकी पांढरं, त्यावर काळी अक्षरं, टिरोमध्ये. बास. लोगो नाही, पान नाही, ग्रोथ नाही. स्कॅनमध्ये एका ठिकाणी एक तुटलेला धागा दिसतो, तो ठेवलाय तसाच, आमच्याकडे असल्या कापडाला दिवाणजी डॅमेज म्हणून पैसे कापायचा.

ह्याचा फायदा काय झाला म्हणाल तर पुस्तकं काही हातोहात खपलेली नाहीत, पाचशेतल्या अजून शंभरावर प्रती प्रकाशकांकडे आहेत. पण परवा विट्याहून एका काकांचा मेसेज आला, नाव न वाचताच कळलं तुमची पोस्ट आहे, आमच्याकडच्या धोतराचा काठ असाच असायचा. एवढंच म्हणाले. पुस्तक त्यांनी अजून घेतलेलं नाही, विचारलं मी.

तर रेटिंग. फोटोग्राफरला पाचपैकी पाच, तो एकटा वेगळा मिळत असेल तर नक्की घ्या. बोलण्याचालण्याला साडेतीन, कधी उद्धट बोलले नाहीत, सॉरी भरपूर म्हणाले. रंगांना एक. मराठीला शून्य, आणि ते शून्यही बहुतेक इंग्रजीतच लिहून द्यावं लागेल. सगळं मिळून पाचपैकी दोन. पुण्यामुंबईत इंग्रजीत लिहिणारं कुणी असेल, ज्याला क्रीम रंग आणि कॉफीचा मग मनापासून आवडतो, त्याला कदाचित चालेलही, काम सफाईदार आहे, कागद चकचकीत, कॉलला माणसं वेळेवर. मराठी पुस्तकवाल्यांनी मात्र आधी त्यांना पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळले तर चहा पिऊन उठा.

हे लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज सकाळी त्यांचा मेसेज आला. टेम्प्लेटच्या लिंकची मुदत संपत आलीय, रिन्यू करा, खास माझ्यासाठी वीस टक्के सूट. मेसेज सुरू असा होतो: 'दुसर्या वर्षात तुमचे स्वागत आहे!'